मॅनिममध्ये वाक्यातील ठरावीक मराठी शब्दच हलवण्यासाठी मदत हवी आहे
पायथागोरसच्या प्रमेयाचे ॲनिमेशन मी मॅनिम या गणिती ॲनिमेशनसाठीच्या पायथन लायब्ररीच्या कम्युनिटी आवृत्तीत मराठीतून तयार करत असून, ‘कर्णाचा वर्ग’ हे शब्द वाक्यातून सुटून आकृतीतील मोठ्या चौरसावर जाऊन बसावेत, असा प्रयत्न आहे. मॅनिमच्या साधा मजकूर दाखवणाऱ्या ‘टेक्स्ट’ या क्लासमध्ये जोडाक्षरे व्यवस्थित उमटतात, परंतु अनेक वर्णांचे मिळून एकच चिन्ह होत असल्यामुळे क्रमांकाने निवड केली की भलताच भाग हलतो. मजकुरातच रंगाच्या खुणा लिहिता येणाऱ्या ‘मार्कअपटेक्स्ट’ने रंग अचूक लागतो, हालचाल मात्र साधत नाही. शब्द सुटे करून ओळीत मांडले, तर वेलांट्या आणि उकार यांमुळे उंची बदलते, खालची कड जुळवूनही शिरोरेषा वरखाली होते, आणि मराठी वाचकाला ते लगेच खटकते. सूत्रे लेटेक या गणिती मजकूर जुळवणाऱ्या प्रणालीत स्वतंत्र असल्याने तेथे अडचण नाही. ‘मार्कअपटेक्स्ट’मध्ये दिलेल्या रंगावरूनच त्या शब्दांची चिन्हे खात्रीने वेगळी काढता येतील का, की सुट्या शब्दांची शिरोरेषा एका पातळीत आणण्याची एखादी पद्धत आहे?