नवी पेन्सिल जुळत नाही, म्हणून टॅबच बदलायचा का?

दांडियाबाजार
भाची इथे बडोद्यातच फाइन आर्ट्सच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्याकडे २०१८ चा, सहाव्या पिढीचा आयपॅड. बाबांनी हौसेनं ॲपलची यूएसबी-सी पेन्सिल आणली, पण ती त्या आयपॅडवर चालतच नाही. दुकानदार परत घेईना, वर सल्ला दिला, "आता टॅबच बदला." मला हे अजिबात पटलेलं नाही.

त्या आयपॅडला पहिल्या पिढीची, २०१५ मध्ये आलेली पेन्सिल व्यवस्थित चालते. शिवाय तिच्यात प्रेशर आहे: दाबलं की रेघ जाड, हात हलका केला की बारीक. २०२३ च्या यूएसबी-सी पेन्सिलमध्ये प्रेशर नाही. नोट्स काढायला ती छान, पण चित्र शिकणाऱ्या पोरीला रेघेचा जाड-बारीकपणा हवाच. म्हणजे दुकानदाराचं ऐकून टॅब बदलला असता, तर जास्त पैसे मोजून तिच्या हातात कमी कामाचं पेन आलं असतं!

माझं मत स्पष्ट आहे. ॲप चालतंय आणि चार्ज टिकतोय तोवर टॅब ठेवावा, पेन त्याला जुळणारं घ्यावं.

मांडवीकर
काका, पेन्सिलचं बरोबर, पण टॅबचं नाही. त्या आयपॅडला रॅम २ जीबी. प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या ॲपमध्ये कॅनव्हास मोठा घेतला की लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, मोजकेच मिळतात. पोस्टर करताना पार्श्वभूमी, आकृती, अक्षरं वेगळी ठेवायची तर मुलगी लेयर एकत्र करत बसणार, आणि नंतर सरांनी बदल सांगितला की पुन्हा पहिल्यापासून. आयपॅडओएस १८, म्हणजे आयपॅडच्या सिस्टीमची ती आवृत्तीसुद्धा त्याला मिळालेली नाही, त्यामुळे ॲप्सच्या नव्या आवृत्त्या एकेक करून बंद होत जाणार. त्यात ती जुनी पेन्सिल महिनोन्‌महिने चार्ज न करता पडून राहिली की आतला सेल मरतो, आणि तो घरी बदलता येत नाही. सेकंडहँड घेताना हा धोका आहेच. अजून तीन वर्षांचं शिक्षण बाकी आहे, मी तर आत्ताच बदलेन.

वाडीची चित्रकार
दोघंही ॲपलच्याच चौकटीत का? सॅमसंगच्या एस पेनला रेघ काढायला बॅटरी लागतच नाही. पडद्यामागच्या थरातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यावरच पेनमधली कॉइल चालते. चार्जिंग विसरायची भीती नाही, सेल मरायची नाही. निब, म्हणजे टोक, झिजली की चिमट्यानं ओढून दुसरी बसवायची. टॅब एस६ लाइटसोबत पेन डब्यातच येतं, आणि प्रेशरही आहे. बदलायचाच असेल तर इकडे बघा.

दांडियाबाजार
ताई, मुद्दा चांगला आहे, पण तिनं प्रोक्रिएट एकदाच पैसे भरून घेतलंय आणि ते अँड्रॉइडवर नाही. सगळी कामं त्यातच आहेत.

मांडवीकर, लेयरचं मान्य. पण आज पहिल्या पिढीची पेन्सिल घेतली तर ती वाया जात नाही. दहाव्या पिढीच्या आयपॅडवर आणि २०२५ च्या ए१६ चिपवाल्यावरही ती ॲडाप्टर लावून चालते. मग टॅब दोन वर्षांनी घेतला तर काय बिघडतं?

मांडवीकर
चालते, पण नव्यांत फक्त त्या साध्या आयपॅडांवर. आयपॅड एअर एम२ किंवा आयपॅड प्रो एम४ घ्याल तर प्रेशरसाठी पेन्सिल प्रो लागते, २०२४ मधली. त्यांच्यावर दुसऱ्या पिढीचीसुद्धा चालत नाही. म्हणजे आज घेतलेलं पेन पुढचा टॅबही ठरवून टाकतं. साध्या आयपॅडची काच आणि पडदा चिकटवलेले नसतात, त्यामुळे टोक आणि रेघ यांत बारीकशी फट दिसते. नाजूक कामात ती खटकते.

वाडीची चित्रकार
सेकंडहँड पेन्सिल घ्यायचीच तर दुकानातच आयपॅडला जोडून बघा. पट्टी लावून तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा. ती लाटांसारखी आली तर पेन सोडा. रेघ मधेच तुटली तर मात्र आधी टोक पिळून घट्ट करा. ते आट्यांचं असतं, सैल झालं की असंच होतं. पुष्कळ जण तेवढ्यावरून पेन बिघडलं समजून विकायला काढतात.

दांडियाबाजार
रविवारी भाचीला घेऊन जातो, पट्टी तिच्याच दप्तरातली. रेघ सरळ आली तर पेन्सिल घेणार. टॅबचं, मांडवीकर, लेयर खरोखर अडले की बोलू.