विषय: पूर निधीचं आवाहन – 'निर्वासित' हा शब्द ठेवायचा की बदलायचा?

प्रेषक: सचिव

मंडळी, नमस्कार.

आवाहनाचा मसुदा काल सगळ्यांना गेला आहे. उद्या रात्री तो छपाईला द्यायचा आहे आणि वेबसाइटवर चढवायचा आहे. तिसऱ्या ओळीतल्या 'पूरनिर्वासितांसाठी' या शब्दावर दोघांचे फोन आले. मला त्यात वावगं वाटत नाही. घर पाण्यात गेलं, गाव सोडावं लागलं, तर माणूस निर्वासितच झाला ना? पण हरकत असेल तर आजच सांगा, आणि सोबत पर्यायी शब्दही द्या. इंग्रजी मजकुरात 'रेफ्युजी' आहे, म्हणजे बदल दोन्हीकडे करावा लागेल.

– सचिव

प्रेषक: खजिनदार

मराठीचं तुम्ही ठरवा, इंग्रजीतला शब्द मात्र आजच काढा. ज्यांच्या कंपन्या देणगीइतकीच रक्कम स्वतःकडून घालतात, त्यांना अर्जात देणगीचं कारण लिहावं लागतं. आपत्ती-मदत आणि निर्वासितांना मदत हे रकाने वेगळे असतात. आवाहनात एक आणि अर्जात दुसरं दिसलं की अर्ज परत येतो. मागच्या निधीच्या वेळी हे झालं आहे. सभासदांना खुलाशाची पत्रं मीच लिहून देत होतो.

– खजिनदार

प्रेषक: ताई

खजिनदार, रकान्याचं बरोबर आहे, पण तेवढ्यासाठी बदलू नका. मूळ कारण मोठं आहे.

१९५१ च्या निर्वासितविषयक करारात व्याख्या स्पष्ट आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी छळ होण्याची साधार भीती हवी आणि माणूस स्वतःच्या देशाबाहेर असायला हवा. आपण ज्यांच्यासाठी पैसे गोळा करतोय ते आपल्याच देशात, बहुतेक आपल्याच तालुक्यात आहेत. अशांसाठी संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत युद्ध आणि हिंसाचाराच्या बरोबरीने नैसर्गिक आणि मानवनिर्मित आपत्ती स्पष्टपणे घातल्या आहेत. तिथला शब्द 'अंतर्गत विस्थापित'. आफ्रिकेतल्या देशांनी तर २००९ मध्ये कंपाला करार करून ही जबाबदारी स्वतःवर बंधनकारक करून घेतली.

निर्वासित परक्या सरकारकडे आश्रय मागतो. विस्थापित आपल्याच सरकारकडे हक्क मागतो: घर, जमीन, कागदपत्रं, मुलांची शाळा. पूर आलेल्या गावातल्या माणसाला आपण निर्वासित म्हणू लागलो, तर त्याच्या स्वतःच्या सरकारचं त्याच्याशी असलेलं देणं आपणच पुसट करतो. माझं मत 'पूरविस्थापित'.

– ताई

प्रेषक: माजी अध्यक्ष

आवाहनाचा मजकूर आजवर वार्तापत्र समितीकडून तपासून मगच या ईमेल यादीवर येत असे. या वेळी थेट इथे का आला, हे सचिवांनी कळवावं. समितीत मराठीची जाण असलेली माणसं आहेत.

शब्दाबद्दल. 'विस्थापित' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर धरण येतं, बुडीत क्षेत्र येतं. आपल्याकडे 'पूरग्रस्त' हा सरळ शब्द आहे. १२ जुलै १९६१ च्या पुरानंतर पुण्यात सगळ्यांच्या तोंडी तोच होता, आजही तिथे पानशेत पूरग्रस्तांच्या सोसायट्या त्याच नावाने ओळखल्या जातात. एवढा रुळलेला शब्द असताना नवा घडवायची गरज नाही.

– माजी अध्यक्ष

प्रेषक: माई

> आजही तिथे पानशेत पूरग्रस्तांच्या सोसायट्या त्याच नावाने ओळखल्या जातात

माझी हरकत नेमकी हीच आहे. पूर १९६१ चा, आणि नातवंडांच्या पत्त्यातही 'पूरग्रस्त'. माझी मावसबहीण किल्लारीच्या भूकंपानंतर त्या भागातल्या शाळेत शिकवायला होती. ३० सप्टेंबर १९९३ नंतर जन्मलेली मुलं तिच्या वर्गात आली, तेव्हा ज्यांनी तो भूकंप पाहिलाही नव्हता त्यांच्या नावापुढेही 'भूकंपग्रस्त' लागायचं. एका मुलीने तिला विचारलं होतं, बाई, आम्ही हे कधीपर्यंत? बहिणीकडे उत्तर नव्हतं. 'ग्रस्त' म्हणजे अजून ग्रासलेलाच. ती अवस्था संपते कधी, हे तो शब्द सांगत नाही.

– माई

प्रेषक: नाना

माई, तुमच्या बहिणीचा अनुभव खराच. पण महाराष्ट्र सरकारच्या नोकरभरतीत भूकंपग्रस्तांना २ टक्के समांतर आरक्षण असतं आणि ते मिळतं भूकंपग्रस्ताच्या दाखल्यावर. शब्द टोचतो म्हणून टाकला, तर त्याच्या आधाराने मिळणारं काय उरेल? माझ्या ओळखीच्या एका कुटुंबातली दोन मुलं त्या दाखल्यावर नोकरीला लागली. त्यांना त्या शब्दाची लाज वाटत नाही.

माजी अध्यक्षांनी पानशेतचं नाव काढलं म्हणून दुसरा मुद्दा. तो पूर पानशेतचं धरण फुटून आला होता. पाऊस होता, पण शहर बुडालं ते फुटलेल्या धरणाच्या पाण्याने. कोयनेचंही तसंच. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा संबंध जलाशयाशी जोडला जातो आणि जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात जगभर कोयनेचं उदाहरण देतात. मग मसुद्याच्या पहिल्याच ओळीत 'नैसर्गिक आपत्ती' कशासाठी? पाऊस निसर्गाचा. नदीच्या पात्रात घरं कोणी बांधू दिली, पाणी कधी सोडलं, इशारा वेळेवर दिला का, हे निसर्गाचं नव्हे. संयुक्त राष्ट्रांचं आपत्ती-जोखीम कार्यालयही हेच सांगतं. आपत्तीपुढचं 'नैसर्गिक' काढा.

– नाना

प्रेषक: युवा समिती

नाना, 'नैसर्गिक' काढायला आमचा पाठिंबा. पण 'निर्वासित' इतक्या घाईने टाकू नका. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमासाठी एसाम एल-हिन्नावी यांनी 'पर्यावरणीय निर्वासित' या नावाने अहवाल लिहिला, तो याचसाठी की या लोकांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. करारात बसत नाही म्हणून शब्द वापरायचा नाही, तर करार कधी बदलणार? किरिबाटी या पॅसिफिक महासागरातल्या बेटांच्या देशातल्या इओआने टेटिओटा यांनी समुद्र वाढतोय म्हणून न्यूझीलंडमध्ये आश्रय मागितला, तो नाकारला गेला आणि २०१५ मध्ये त्यांना परत पाठवलं. आमच्या पिढीला हा शब्द मोठ्याने म्हणायचा आहे.

– युवा समिती

प्रेषक: ताई

टेटिओटांची गोष्ट पुढेही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने जानेवारी २०२० मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला नाही. पण हवामान बदलामुळे जिवाला धोका असेल तर माणसाला परत पाठवणं हक्कभंग ठरू शकतो, हे तत्त्व मान्य केलं. त्यासाठी निर्वासिताची व्याख्या ताणावी लागली नाही, जगण्याचा हक्क पुरला.

आणि त्याच किरिबाटीचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अनोटे टोंग काय म्हणत होते तेही वाचा. आमच्या लोकांना निर्वासित म्हणून नको, सन्मानाने स्थलांतर करता यावं, ही त्यांची भूमिका होती. ज्यांच्यासाठी तुम्ही शब्द मोठ्याने म्हणणार, त्यांना तो हवा आहे का, हे आधी बघायला हवं.

– ताई

प्रेषक: स्वयंसेवक समन्वयक

ताईंच्या शेवटच्या वाक्यावर. २००५ साली मी ह्यूस्टनला होतो. कतरिना वादळ २९ ऑगस्टला आलं आणि त्यानंतर न्यू ऑर्लीन्सहून बस भरभरून माणसं ह्यूस्टनच्या बंदिस्त क्रीडागृहात, अॅस्ट्रोडोममध्ये आणली. तिथे मी खाटा लावायला आणि नावं नोंदवायला जात होतो. टीव्हीवर त्यांना 'रेफ्युजी' म्हणत होते आणि तो टीव्ही त्यांच्यासमोरच चालू होता. माझ्या टेबलावर एक वयस्क गृहस्थ नाव लिहून द्यायला बसले होते. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, मी सैन्यात होतो, आयुष्यभर कर भरला, हा माझा देश आहे, मी कुठून पळून आलेलो नाही. मी तेव्हा स्वतः व्हिसावर. त्या हॉलमध्ये खरा परका मी होतो, आणि बातम्या परकं ठरवत होत्या त्यांना. ते मी विसरू शकत नाही.

त्या आठवड्यात यावर मोठा वाद झाला. नागरी हक्क चळवळीतले नेते जेसी जॅक्सन यांनी तो शब्द वर्णद्वेषी ठरवला, कारण ज्यांना तो लावला जात होता त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. राष्ट्राध्यक्ष बुश यांनीही हे निर्वासित नाहीत, अमेरिकन आहेत, असं जाहीर सांगितलं. वॉशिंग्टन पोस्ट आणि बॉस्टन ग्लोब यांनी शब्द टाकला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने योग्य वाटेल तिथे वापरत राहायचं ठरवलं. बाकीचे 'इव्हॅक्युई' म्हणू लागले. पण तोही अपुराच. इव्हॅक्युई म्हणजे हलवलेला, आणि हलवलेला माणूस चार दिवसांनी परत जातो असं वाटतं. त्यांतले कितीतरी परत गेलेच नाहीत, ह्यूस्टनचेच झाले.

त्यामुळे आपल्या बातम्यांतलं 'स्थलांतरित'सुद्धा मला पटत नाही. सुरक्षित स्थळी हलवलं इथे बातमी संपते, त्या माणसाची अडचण तिथून सुरू होते.

– स्वयंसेवक समन्वयक

प्रेषक: माजी अध्यक्ष

समितीच्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

बाकी माई म्हणतात ते मी पुन्हा वाचलं. सोसायटीच्या नावात शब्द राहणं आणि माणसाच्या नावाला तो चिकटणं यांत फरक आहे, एवढंच म्हणतो.

– माजी अध्यक्ष

प्रेषक: ताई

माई, तुमच्या बहिणीच्या विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाला संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसंस्था स्थायी समितीच्या विस्थापनाविषयीच्या २०१० च्या आराखड्यात उत्तर आहे. विस्थापनामुळे निर्माण झालेली मदतीची आणि संरक्षणाची खास गरज उरली नाही आणि त्यामुळे भेदभाव होत नसेल, की विस्थापन संपलं. तारखेवर संपत नाही, गावी परतण्यावरही अवलंबून नाही. नानांच्या दाखल्याला याने धक्का लागत नाही. दाखला गरजेचा पुरावा आहे, तो कपाटात असू दे. हाक मारताना तो लागत नाही, आणि आवाहन ही हाकच आहे.

– ताई

प्रेषक: सचिव

मजकूर समितीकडे आज दुपारी पाठवला आहे. छपाईची तारीख आधी ठरल्यामुळे तो थेट इथे आला होता.

सगळं वाचून तिसरी ओळ अशी करतो: 'पुरामुळे घर सोडावं लागलेल्या कुटुंबांसाठी'. 'पूरविस्थापित' अचूक आहे, पण वाचताना अडखळायला होतं. इंग्रजीत त्याच अर्थाचं साधं वाक्य जाईल, 'रेफ्युजी' नाही, म्हणजे खजिनदारांच्या रकान्याचाही प्रश्न सुटेल. पहिल्या ओळीतलं 'नैसर्गिक' काढलं. युवा समितीला वार्तापत्रात हवामान बदल आणि निर्वासित या विषयावर पान हवं असेल तर ते वार्तापत्र समितीने द्यावं, अशी माझी शिफारस.

– सचिव

प्रेषक: खजिनदार

चालेल. 'घर गमावलेल्या' न म्हणता 'घर सोडावं लागलेल्या' म्हटलंत ते चांगलं. भाडेकरूंचं घर स्वतःचं नसतं, आणि यादी करताना नेमके तेच सुटतात.

– खजिनदार

प्रेषक: माई

मलाही पटलं. पण दुसऱ्या परिच्छेदात 'लाभार्थींची यादी स्थानिक संस्था ठरवेल' असं आहे. कोणाचं घर वाहून गेलं तर त्याला कसला लाभ? 'कुटुंबांची यादी' करा, आणि ती यादी गावात वाचून दाखवली जाईल, असंही त्यात घाला.

– माई