सेंट लुईसमध्ये कोणत्या ल्यूथरन मंडळीत जावे? प्रभुभोजनाविषयी सल्ला हवा आहे

नगरची_लेक

सर्वांना सप्रेम जय ख्रिस्त. नोकरीच्या निमित्ताने आमचे कुटुंब नुकतेच सेंट लुईसला आले आहे. मी नगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतून आलेल्या आणि आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियात असलेल्या मंडळीत वाढले. माझा बाप्तिस्मा आणि दृढीकरण तेथेच झाले. येथे घराजवळ दोन ल्यूथरन चर्च आहेत, एक मिसूरी सिनॉड या ल्यूथरन संघटनेचे आणि दुसरे इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च इन अमेरिका या वेगळ्या संघटनेचे. पहिल्या चर्चमधील उपासना मला मनापासून आवडली, परंतु पत्रिकेत अशी सूचना होती की ज्यांचे येथील शिकवणुकीशी एकमत आहे त्यांनीच प्रभुभोजनास, म्हणजे उपासनेतील भाकर आणि द्राक्षारस घेण्यास, पुढे यावे आणि पाहुण्यांनी आधी पाळकांशी बोलावे. मी बाकावरच बसून राहिले. नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, "आई, आपण का नाही गेलो?" आणि मला उत्तर देता आले नाही. आम्ही कोठे जावे, आणि या सूचनेकडे कसे पाहावे?

मिनियापोलिसकर

ताई, आपल्याला लगेच सहभागी व्हायचे असेल तर दुसऱ्या चर्चमध्ये जावे. तेथे बाप्तिस्मा झालेल्या सर्वांना प्रभूच्या मेजावर बोलावले जाते. मुलांनी कोणत्या वयात प्रथम सहभागी व्हावे हे प्रत्येक मंडळी ठरवते. बऱ्याच ठिकाणी थोड्या शिक्षणानंतर लहान मुलेही भाकर घेतात, त्यामुळे मुलीविषयी पाळकांना अवश्य विचारावे. आपल्या बाबतीत आणखी एक धागा आहे. नगरला मिशनरी पाठवणारे अमेरिकन बोर्ड काँग्रिगेशनल (स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या) मंडळ्यांचे होते, आणि त्या मंडळ्यांचा मोठा भाग पुढे ज्या युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टमध्ये सामील झाला, त्याच्याशी या ल्यूथरन चर्चने 1997 साली प्रभुभोजनातील पूर्ण सहभागितेचा करार केला. म्हणून त्या मेजाशी आपण स्वतःला परके समजण्याचे कारण नाही.

वेदीजवळ

मी बारा वर्षांपासून मिसूरी सिनॉडच्या मंडळीचा सभासद आहे. बाकावर बसून राहण्याचे दुःख मला ठाऊक आहे, कारण पहिले वर्षभर मीही तसाच बसत होतो. तरीही त्या सूचनेमागचे कारण समजून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. 1529 साली जर्मनीतील मारबुर्ग येथे ज्यांच्या नावावरून ल्यूथरन म्हणतात ते धर्मसुधारक ल्यूथर आणि स्विस धर्मसुधारक झ्विंग्ली यांची भेट झाली तेव्हा पंधरापैकी चौदा कलमांवर त्यांचे एकमत झाले. अडले ते प्रभुभोजनापाशी. "हे माझे शरीर आहे" हे शब्द ल्यूथर यांनी मेजावर खडूने लिहून ठेवले होते आणि त्यातील 'आहे' या शब्दावरून ते हटले नाहीत. भाकर भाकरच राहते, पण तिच्यामध्ये, तिच्यासह आणि तिच्याखाली ख्रिस्ताचे खरे शरीर दिले जाते आणि घेणाऱ्याच्या तोंडात येते, ही ती श्रद्धा आहे. काँग्रिगेशनल परंपरा मात्र झ्विंग्ली आणि त्यांच्यानंतरचे धर्मसुधारक कॅल्व्हिन यांच्या बाजूने उतरलेली आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, शरीर न ओळखता जो खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, असा इशारा आहे, आणि आमचे पाळक तो अक्षरशः मनावर घेतात. ते आपल्या विश्वासावर शंका घेत नाहीत. ज्याला अजून शिकवलेले नाही त्याच्या हाती ते दान देण्याची जबाबदारी त्यांना जड वाटते.

माझा सल्ला असा की शनिवारपूर्वी पाळकांना दूरध्वनी करून भेट मागावी. बहुधा ते ल्यूथर यांच्या 'लहान प्रश्नोत्तरी' या पुस्तिकेवर आधारित शिकवणीला बोलावतील, जी काही आठवडे किंवा महिने चालते. दरम्यान रांगेतून पुढे जाऊन दोन्ही हात छातीवर आडवे धरले तर बहुतेक मंडळ्यांत आशीर्वाद मिळतो, मुलीलाही. उपासनेचा बाकीचा सर्व भाग आपलाच आहे: पापांगीकार आणि क्षमेची घोषणा, वाचने, विश्वासांगीकार, उपदेश, आणि प्रभुभोजनानंतर गायले जाणारे शिमोनाचे गीत (लूककृत शुभवर्तमानातील वृद्ध शिमोनाचे शब्द). बाकावर बसलेल्या त्या वर्षी त्या गीतानेच मला धरून ठेवले.

मिनियापोलिसकर

वरील विवेचन मला मान्य आहे, परंतु एक दुरुस्ती करावीशी वाटते. ख्रिस्ताची खरी उपस्थिती आमच्या चर्चलाही मान्य आहे. मेज कोणासाठी उघडावे, एवढ्यावरच मतभेद आहे. सर्वांना बोलावणे म्हणजे प्रभुभोजन हलके मानणे, असा समज कृपया करून घेऊ नये.

डब्यातली_भाकरी

एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे अनेक चर्चमध्ये द्राक्षांचा रस असतो, पण ल्यूथरन मंडळ्यांत बहुधा खरी वाइन असते, आणि काही ठिकाणी सर्वजण एकाच प्याल्यातून घेतात, तर काही ठिकाणी लहान पेले असतात. मद्य घेत नसाल किंवा गव्हाचा त्रास असेल तर आधीच विचारावे. पुष्कळ ठिकाणी वेगळी सोय असते.

नगरची_लेक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. यजमानांशी बोलले. सध्या आम्ही पहिल्याच चर्चमध्ये जाणार आहोत आणि पाळकांना उद्या दूरध्वनी करणार आहे. शिकवणीच्या शेवटी 'आहे' या शब्दाला मनापासून होकार देता आला नाही तर दुसऱ्या चर्चमध्ये जाईन; केवळ रांगेत उभे राहता यावे म्हणून होकार देणार नाही. मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे, आणि येत्या रविवारी हात आडवे धरून पुढे जायला ती तयार आहे.