प्रश्न क्र. ७ बद्दल (सोसायटी सूचना ग्रुप)

माधुरी ए-७०३: लिहायचं नव्हतं, पण पोर कालपासून धड जेवत नाहीये. प्रश्नमंजुषेत प्रश्न ७: वांदिवाशची लढाई कोणी जिंकली? त्याने आयर कूट लिहिलं. समितीचं उत्तर क्लाइव्ह. एका मार्काने पहिला नंबर गेला. कोणाला मिळाला ते सगळ्यांना माहीत आहे, मी बोलत नाही.

प्राची बी-२०२: माधुरीताई, बोललातच की 🙏 उत्तरं समितीने काढली, मी एकटीने नाही.

नितीन (सेक्रेटरी): हा ग्रुप सूचनांसाठी आहे. आज ११ ते १ पाणी बंद.

फडके काका सी-५०१: वांदिवाश, आजच्या तमिळनाडूतलं, २२ जानेवारी १७६०. इंग्रजांकडून आयर कूट, फ्रेंचांकडून लाली. क्लाइव्ह तेव्हा बंगालमध्ये, विलायतेला निघायच्या बेतात. मुलाचं उत्तर बरोबर.

प्राची बी-२०२: काका, अर्काट तर क्लाइव्हनेच घेतलं ना?

फडके काका सी-५०१: ते १७५१. दुसरं कर्नाटक युद्ध, म्हणजे दक्षिणेत इंग्रज-फ्रेंचांची झुंज. वांदिवाश तिसऱ्यातलं.

बंटी सी-१०१: नाव लाली आणि तोंड काळं करून परत 😂

फडके काका सी-५०१: बंटी, त्या माणसाचं १७६६ साली पॅरिसमध्ये मुंडकं उडवलं. देशद्रोहाचा ठपका ठेवून. इथे त्याच्याकडे पगाराला पैसा नव्हता, आरमार मॉरिशसला निघून गेलेलं. हैदराबादेत बुसी या फ्रेंच सेनानीचा चांगला जम बसला होता, त्यालाही यानेच बोलावून घेतलं. वांदिवाशला फ्रेंचांच्या डाव्या फळीत दारूगोळ्याचा गाडा उडाला, एकच पळापळ झाली, आणि ती सावरायला गेलेला बुसी इंग्रजांच्या हाती सापडला.

सावंत बी-६०४: दारूगोळ्यावरून आठवलं. पार्किंगमध्ये दिवाळीपासून फटाक्यांचे खोके पडलेत. तिसऱ्यांदा लिहितोय.

देसाई ए-१०२: आपले मराठे कुठे होते ते कोणी सांगत नाही! दोघांनाही पळवून लावलं असतं.

फडके काका सी-५०१: होते की. मुरारराव घोरपडे, गुत्तीकर. अर्काटला क्लाइव्ह आत कोंडलेला, बाहेर फ्रेंचांच्या बाजूच्या चंदासाहेबाचा मुलगा वेढा घालून. मुरारराव इंग्रजांच्या बाजूच्या महंमद अलीच्या पैशावर आलेला, पण आधी लांब कुंपणावर बसून राहिला. क्लाइव्ह टिकतोय म्हटल्यावर हलला. पुढे फ्रेंचांकडेही गेला.

देसाई ए-१०२: काका, तुम्हाला आपल्याच माणसांत खोट काढायची सवय आहे.

फडके काका सी-५०१: सोसायटीच्या हिशेबातही काढतो, म्हणून राग. चंदासाहेब आणि महंमद अली, नबाबीच्या दावेदारांचं भांडण, त्यात दोन कंपन्यांनी एकेक वारस धरला आणि मुलूख ओरपला. बुसीच्या तालमीतला इब्राहिमखान गारदी पानिपतावर आपल्या बाजूने लढला. पाँडिचेरी पडलं तेही त्याच आठवड्यात, जानेवारी १७६१.

सावंत बी-६०४: खोके. चौथ्यांदा.

बंटी सी-१०१: सावंतकाका, वांदिवाशला पाठवा 😂

माधुरी ए-७०३: मार्काचं काय? इतिहास सगळ्यांचा झाला, मुलाचं उत्तर तेवढं राहिलं.

प्राची बी-२०२: दोघांना विभागून पहिला देऊ. पण बक्षिसाचा डबा एकच होता, तो काल दिला गेला.

नितीन (सेक्रेटरी): फंडातून दुसरा मिळणार नाही.

फडके काका सी-५०१: १७६३ च्या तहात फ्रेंचांना पाँडिचेरी अशीच परत मिळाली. तटबंदी इंग्रजांनी आधीच पाडून टाकली होती.

माधुरी ए-७०३: काका, तुम्ही माझ्या बाजूने आहात ना?

कुणाल बी-४०३: नमस्कार. ‘कोणाला मिळाला’ म्हणजे आमच्या ओवीला. तिने क्लाइव्ह लिहिलं कारण सरावाच्या पीडीएफमध्ये तेच होतं. ती पीडीएफ ह्याच ग्रुपवर देसाईंनी टाकली होती.

देसाई ए-१०२: मला फॉरवर्ड आली होती.

प्राची बी-२०२: समितीनेही उत्तरं त्यातूनच घेतली 🙏

माधुरी ए-७०३: छान.

कुणाल बी-४०३: डबा संध्याकाळी पाठवतो. झाकण ओवीने वापरायला काढलंय, तेवढं चालवून घ्या.