शब्दचर्चा : गेममधलं पात्र ‘मेलं’ की ‘गेलं’?

प्रश्न (सातारा)

दिवाळीच्या सुट्टीत सांगलीचा भाचा आमच्याकडे आला होता. आठवीत आहे. दिवसभर गेम, आणि तोंडी एकच शब्द, ‘मेलो’. ‘परत मेलो’, ‘हा मेला, थांब’, ‘आता तिसऱ्यांदा मेलो तिथंच’. मी मराठी शिकवते, त्यामुळे कान तिकडे जातातच. पण यात खटकण्यासारखं काही नव्हतं. हुतूतू खेळताना आम्हीही ‘मेली, मेली, बाहेर हो’ असं ओरडायचो.

चौथ्या दिवशी मी भाकरी थापत होते. हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “मावशी, दादा गेला.”

माझे हात परातीतच राहिले. त्याचा सख्खा मोठा भाऊ सांगलीत असतो. “कोण दादा?” म्हणून विचारेपर्यंत माझ्या पोटात गोळा आला होता. मग कळलं, गेममधला. ‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’ नावाचा २०१३चा गेम. आजारी वडिलांसाठी औषध आणायला दोन भाऊ निघतात. कंट्रोलरची डावी दांडी थोरल्याची, उजवी धाकट्याची. दोघांना एकाच वेळी चालवायचं. शेवटाकडे थोरला जखमी होतो, धाकटा एकटा जाऊन औषध घेऊन येतो, तोवर थोरल्याचा प्राण गेलेला असतो. त्याला खड्ड्यापर्यंत ओढत नेणं, वर माती लोटणं, हेही खेळणाऱ्यालाच करावं लागतं. मी बाहेर जाऊन बघितलं तर पडद्यावर धाकटा एकटाच चालत होता, आणि आमच्या पोराचा डावा अंगठा अजूनही डाव्या दांडीवर होता. ती ढकलून काही होत नव्हतं, तरी अंगठा तिथून निघत नव्हता.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. चार दिवस ‘मेला’ म्हणणाऱ्या पोराच्या तोंडून इथंच ‘गेला’ का आलं? आणि त्याला जे वाटत होतं त्याला आपल्याकडे नेमका शब्द कोणता? हळहळ, चटका, चुटपुट, हुरहूर, रुखरुख, सगळे लावून पाहिले.

उत्तर (मिरज)

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मातीच्या मैदानावर आहे. मी वीस वर्षं कबड्डी खेळलो. आमच्या खेळाचे जुने प्रकार तीन : संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत समोरचा एक गडी बाद केला की आपला एक ‘उठतो’. आजची कबड्डी याच तत्त्वावर चालते. गामिनीत मेलेला गडी उठत नाही, सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत बाहेर बसायचं. अमरमध्ये गडी बाहेर जातच नाही, नुसते गुण मोजायचे.

तुमचा भाचा चार दिवस संजीवनी खेळत होता. तिथला ‘मेलो’ म्हणजे ‘आता उठेन’. त्या शब्दात मरण नसतंच. थोरला भाऊ गेला तेव्हा पोराला कळलं की हा डाव गामिनी आहे, यातला गडी उठणार नाही. मग जीभ आपोआप घरातल्या शब्दाकडे वळली. आपल्या माणसाबद्दल आपण ‘मेला’ म्हणत नाही. ‘गेला’ म्हणतो, ‘वारला’ म्हणतो. ‘मेला’ हा शब्द शिवीत चालतो, खेळात चालतो, ढेकणाला चालतो.

उत्तर (सांगली, विश्रामबाग)

काकांचं म्हणणं पटलं. पण गेममध्ये ‘माझी लाइफ गेली’ असंही आम्ही रोज म्हणतो, तेव्हा नुसत्या ‘गेली’ने काही सिद्ध होत नाही. विकेट जाते, लाइट जाते, तशी लाइफ जाते. तिथं गेलेली गोष्ट माझ्या मालकीची असते. ‘दादा गेला’मध्ये मालकी नाही, नातं आहे.

संजीवनीचा मुद्दा मात्र अगदी बरोबर बसतो. ‘फायनल फँटसी सेव्हन’ १९९७चा. मी फार नंतर खेळलो. त्यात लढाईत पडलेल्या सोबत्याला उठवायला ‘फीनिक्स डाउन’ नावाची वस्तू असते. ती शब्दशः संजीवनी. सुरुवातीपासून आपण ती डझनांनी जमवतो आणि वापरतो. मग एरिथ या सोबतिणीला खलनायक सेफिरॉथ मारतो, आणि खिशात इतकी संजीवनी असून एकही चालत नाही. तिच्यासाठी घेऊन ठेवलेल्या काठ्या, ज्या दुसऱ्या कुणाला वापरता येत नाहीत, त्या पुढं शेवटपर्यंत सामानात दिसत राहतात. मी त्या विकल्या नाहीत. याला मी चटका म्हणेन.

उत्तर (म्हसवड)

अजून एक शब्द राहिला, ‘दगावणे’. ‘रेड डेड रिडेम्प्शन टू’ हा २०१८चा गेम माझा मुलगा खेळायचा आणि मी शेजारी बसून बघायचो. त्यात घोडा असतो. त्याला चारा घालायचा, खरारा करायचा, नाव ठेवायचं, तसतसा तो माणसाळत जातो. शेवटच्या पळापळीत त्याला गोळी लागते. मागून माणसं येत असतात, तरी गेमचा नायक आर्थर त्याच्याजवळ खाली बसतो, अंगावर हात ठेवतो, त्याचे आभार मानतो. मुलगा म्हणाला, “आबा, घोडा दगावला.” मी म्हटलं, नाही बाळा, तो गेला म्हण.

आमच्या माणदेशात खिलार बैल म्हणजे घरातलं माणूस. पेपरात ‘चार जनावरे दगावली’ छापून येतं, डॉक्टरांना सांगताना आपणही ‘दगावला’ म्हणतो. शब्दातच दगा आहे, भरवसा होता आणि तो तुटला. पण बेंदराला ज्याच्या शिंगांना आपण स्वतः रंग लावला, तो बैल घरात कधी दगावत नाही. बायकामाणसं ‘आपला सर्जा गेला’ असंच म्हणतात.

मूळ प्रश्नकर्ती (सातारा)

आबांचं उत्तर मी दोनदा वाचलं.

चटक्याबद्दल थोडं बोलते. ‘मनाला चटका लावून गेला’ हे श्रद्धांजलीच्या मजकुरात इतकं वापरलं गेलंय की आता त्यातला विस्तव विझत आलाय. शिवाय चटका क्षणाचा असतो. हात लागला, भाजलं, मागे घेतला. न विकलेल्या काठ्या मात्र पुढं कितीतरी तास सोबत असतात. हळहळही बसत नाही. हळहळ बघणाऱ्याची असते. रस्त्यावर अपघात झाला, गर्दी हळहळली. सिनेमात कुणी मेलं तर मी हळहळते, कारण माझे हात मोकळे असतात. गेम खेळणाऱ्याचे हात त्या मरणात असतात.

उत्तर (सांगली, विश्रामबाग)

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यावरून ‘मेटल गिअर सॉलिड थ्री’ आठवला, २००४चा. नायकाला ज्या बाईंनी घडवलं, त्यांनाच शेवटी हरवायचं असतं. त्या पांढऱ्या फुलांत पडलेल्या असतात, बंदूक आपल्या हातात असते, आणि गेम थांबतो. आपण बटण दाबेपर्यंत पुढं काहीच होत नाही. मी बराच वेळ कंट्रोलर मांडीवर ठेवून बसलो होतो. आबांच्या गेममध्येही तेच. आर्थर कर्जवसुलीसाठी एका आजारी माणसाला मारहाण करतो, तो खोकतो, रक्त आर्थरच्या तोंडावर उडतं, आणि पुढं आर्थरला क्षय होतो. ती वसुली टाळून गोष्ट पुढं सरकत नाही. त्या बुक्क्या आपणच मारलेल्या असतात.

मूळ प्रश्नकर्ती (सातारा)

मग हिला रुखरुख म्हणू या. चुटपुट तिची धाकटी बहीण, पण चुटपुट राहून गेलेल्या गोष्टीची लागते. पाहुणे गेले आणि डब्यात चार लाडू द्यायचे राहिले, ती चुटपुट. रुखरुख जास्त खोल जाते. आपल्या हातून काहीतरी झालं किंवा झालं नाही, आणि आता ते हाताबाहेर गेलंय, हे आत टोचत राहतं. ती ‘लागून राहते’, नुसती ‘वाटत’ नाही. बटण आपणच दाबलं, दुसरं काही दाबता येत नव्हतं, तरी आपणच दाबलं, याला याहून जवळचा शब्द मला मराठीत सापडत नाही.

भाच्याच्या डाव्या अंगठ्याला मात्र रुखरुख लावता येत नाही. त्याच्या हातून काही चुकलं नव्हतं. ती हुरहूर असावी.

उत्तर (मिरज)

हुरहूर पुढच्या गोष्टीचीही लागते ना? मुलगी सासरी निघायच्या आदल्या रात्री आईला लागते ती. इथं तर सगळं होऊन गेलेलं.

मूळ प्रश्नकर्ती (सातारा)

बरोबर आहे तुमचं, आणि म्हणून मी अडले होते. काल रात्री भाच्याचा सांगलीहून फोन आला. गेम संपवला म्हणाला. शेवटी घराजवळ पाणी लागतं. धाकट्याला पाण्याची भीती, आधी तो थोरल्याच्या पाठीवर बसून नदी पार करायचा. उजव्या बाजूचं बटण दाबून तो पाण्यात उतरेना. पोरानं बऱ्याच वेळानं डाव्या बाजूचं, थोरल्याचं बटण दाबून बघितलं.

“मग?” मी विचारलं.

“मग पोहला की, मावशी. दादाचं बटण सोडलंच नाही मी, पार पलीकडं जाईपर्यंत.”

‘दादाचं’ म्हणाला, ‘दादाचं होतं ते’ नाही. मिरजेचे काका, तुमची हुरहुरीबद्दलची शंका मी वहीत लिहून ठेवली आहे, आणि त्या पानावर शब्दाची जागा अजून कोरी आहे. कुणाला सुचला तर सांगा.