नागपूर हे नाव नदीवरून पडले, की नाव शहराहूनही जुने आहे?

महालकर (प्रश्न)
नाग नदी सापासारखी वळणे घेत वाहते म्हणून ती ‘नाग’ आणि तिच्या काठी वसले म्हणून ‘नागपूर’, असे आम्ही शाळेत शिकलो. घरातील वडीलधारी मंडळी मात्र येथे पूर्वी नाग लोकांची वस्ती होती असे सांगत. त्यातच देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ मध्ये शहर वसवले, हेही सर्वमान्य आहे. नाव राजाने दिले असेल, तर उरलेल्या दोन कथांचे काय करायचे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ताम्रपट-वाचक
राजाने शहर वसवले हे खरे, पण नाव त्याचे नव्हे. वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे राष्ट्रकूट राजा कृष्ण तिसरा याचा शके ८६२, म्हणजे इसवी सन ९४० मधील ताम्रपट सापडला असून, त्यात दान दिलेले गाव ‘नागपूर-नंदिवर्धन’ या विषयात, म्हणजे त्या काळच्या जिल्ह्यात, असल्याचा उल्लेख आहे. बख्त बुलंदाच्या साडेसातशेहून अधिक वर्षे आधीच हे नाव राजदरबारी लेखनात रूढ होते, असा याचा सरळ अर्थ होतो. ‘फणींद्रपूर’ या नावाचा दाखलाही अनेक जण देतात. परंतु फणींद्र म्हणजे नागराजच, त्यामुळे तो मूळ नावाचा पंडिती पर्याय दिसतो आणि प्राचीनतेचा वेगळा पुरावा म्हणून त्याचा उपयोग नाही.

रामटेककर
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण थोडी सावधगिरी हवी. नंदिवर्धन म्हणजे आमच्या रामटेकजवळचे नगरधन, वाकाटकांची जुनी राजधानी. (तेथेही काही उत्साही मंडळी ‘नाग’ शोधतात, वास्तविक ते नंदिवर्धनाचेच झिजलेले रूप आहे.) ताम्रपटातील गावाच्या सीमा सांगताना कन्हान नदीचा उल्लेख येतो, म्हणजे प्रदेश आपलाच आहे; तरीही विषयाचे नाव आढळले म्हणून आजच्या ‘महाल’ या जुन्या वस्तीच्या जागी तेव्हा नगर उभे होते, असे म्हणता येत नाही. बख्त बुलंदाने ज्या बारा वाड्या एकत्र केल्या, त्या ‘राजापूर बारसा’ म्हणून ओळखल्या जात. असे असूनही नव्या शहराला नागपूर हेच नाव चिकटले, याचे कारण मला तरी हेच वाटते की परिसरात ते आधीपासून परिचयाचे होते. पुढे बख्त बुलंदाचा वारस चांद सुलतान याने येथे राजधानी आणली, तट बांधला व जुम्मा तलाव केला, ज्याला आपण आज शुक्रवारी तलाव किंवा गांधीसागर म्हणतो. त्यानंतर भोसले आले, पण नावाला कोणी हात लावला नाही.

वाचनवेडी
महालकर दादा, नाग लोकांची कथा केवळ आजीच्या गोष्टींतली समजू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणात, दीक्षेसाठी नागपूरच का निवडले याचा खुलासा करताना नाग लोकांचा, त्यांनी केलेल्या बौद्ध धर्माच्या प्रसाराचा आणि शहरातून वाहणाऱ्या नाग नदीचा उल्लेख केला होता. ताम्रपट नाव किती जुने आहे ते सांगतो. ते कोणावरून पडले हे सांगत नाही, आणि तेथे ही परंपरा विचारात घ्यावीच लागते.

ताम्रपट-वाचक
ताईंचा मुद्दा रास्त आहे. नदीच्या आकाराची कथा मात्र मला सर्वांत दुबळी वाटते, कारण सपाट मुलखातून वाहणारी कोणती नदी वळणे घेत नाही? लावा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावून, अंबाझरीवरून शहर ओलांडून कन्हानला मिळणारी आपली नदी शेजारच्या नद्यांपेक्षा विशेष नागमोडी नाही. नाग लोकांच्या वस्तीवरून नदीला व वस्तीला एकच नाव मिळाले असावे, हा तर्क मला त्यापेक्षा अधिक पटतो.