काय स्क्वेअर: एसपीएसएस म्हणतं ०.०३८, आर म्हणतं ०.०७०. प्रबंधात काय लिहू?

सायली_एमएस्सी_नर्सिंग

नमस्कार. दुसरं वर्ष, प्रबंध बाइंडिंगला जायच्या बेतात आहे. विषय: जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस आणि झिंक कसं द्यायचं याबद्दल मातांचं ज्ञान. ६० माता, ३० गुणांची प्रश्नावली. शेवटचं उद्दिष्ट सगळ्यांचं असतं तेच, ज्ञान आणि निवडक डेमोग्राफिक व्हेरिएबल्स यांचा संबंध. आठ व्हेरिएबल्स, आठ काय स्क्वेअर (दोन गोष्टींचा संबंध आहे का ते तपासणारी कसोटी).

अडलंय शिक्षणाच्या तक्त्यावर:

दहावीपर्यंत शिकलेल्या: ज्ञान अपुरं १८, पुरेसं १०
दहावीच्या पुढे शिकलेल्या: ज्ञान अपुरं १२, पुरेसं २०

एसपीएसएस या सॉफ्टवेअरवर काय स्क्वेअर ४.२८६, डीएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम) १, पी (संबंध नसतानाही निव्वळ योगायोगानं निदान इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.०३८ आलं. गाइड मॅडमनी टेबल व्हॅल्यू ३.८४ शी ताडून समोर 'एस' (सिग्निफिकंट, म्हणजे पी ०.०५ हून कमी) लिहिलं. माझा भाऊ इंजिनिअर, त्यानं हौसेनं हेच चार आकडे आर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातले. तिथे ३.२८१ आणि पी ०.०७०! म्हणजे 'एनएस' (नॉट सिग्निफिकंट). बरं, एसपीएसएसच्याच आउटपुटमध्ये खाली आणखी चार ओळी आहेत आणि त्यांतले पी पुन्हा वेगळे. व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक हमखास इथेच बोट ठेवतात. कुठली ओळ लिहायची?

पीव्हॅल्यू_पाटील

पहिली ओळ, पिअर्सन, म्हणजे साधा काय स्क्वेअर. सगळे तीच लिहितात. भावाला सांगा, कमांडच्या कंसात 'करेक्ट = फॉल्स' टाक, आरमध्येही ४.२८६ च येईल. झालं काम.

आकडेमोड्या

पाटलांचं चूक नाही, पण काम एवढ्यावर होत नाही. मी मेडिकल कॉलेजात बायोस्टॅट शिकवतो आणि हे आउटपुट दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये माझ्या टेबलावर येतं, बहुतेकदा बाइंडिंगच्या आदल्या दिवशी. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही सॉफ्टवेअर बरोबर आहेत. २×२ तक्ता दिसला की आर आपणहून येट्सची दुरुस्ती लावतं. एसपीएसएस साधा पिअर्सन वर देतं आणि तीच दुरुस्ती 'कंटिन्युइटी करेक्शन' नावानं दुसऱ्या ओळीत देतं. तिथे बघा, ३.२८१ दिसेल. ही दुरुस्ती फ्रँक येट्सची, १९३४ ची. लहान आकड्यांत काय स्क्वेअर उगाच फुगतो म्हणून तो थोडा खाली दाबायचा, एवढाच हेतू. अडचण अशी की ती बहुधा गरजेपेक्षा जास्त दाबते. फिशर एक्झॅक्ट या कसोटीचा (ती अंदाज न करता शक्यता नेमकी मोजते) तुमच्या तक्त्यातला दोन्ही बाजूंचा पी ०.०६९ येतो, म्हणजे येट्सच्या अगदी शेजारी.

कुठली ओळ घ्यायची हे पी बघून ठरवायचं नसतं, तक्त्याखालच्या बारीक अक्षरातल्या टिपेवरून ठरवायचं असतं. तुमच्याकडे तिथे असं असेल: ० सेल्समध्ये अपेक्षित संख्या ५ हून कमी, किमान अपेक्षित संख्या १४. संबंध अजिबात नसता तर चार घरांत १४, १४, १६, १६ पडले असते. हे आकडे लहान नाहीत, म्हणून साधा पिअर्सन चालेल. मात्र आठही तक्त्यांना एकच नियम लावा आणि तो मेथडॉलॉजीच्या प्रकरणात लिहा. शिक्षणाला पिअर्सन, उत्पन्नाला येट्स, धर्माला फिशर, जिथे जे 'एस' येईल ते, असले प्रबंध मी पाहिलेत. परीक्षकांनीही पाहिलेत.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमच्या तक्त्यातली उभी बेरीज करा. अपुरं ३०, पुरेसं ३०. इतकं नेमकं अर्धं आपोआप होत नाही. गुणांचा मीडियन (मधला आकडा) काढून तिथे कापलंय ना?

सायली_एमएस्सी_नर्सिंग

हो सर, मीडियन १७.५ आला. सीनियर्सच्या प्रबंधांत तसंच होतं.

आकडेमोड्या

सगळीकडे तसंच असतं. पण काय झालं बघा: १७ गुणांची आई 'अपुरं'मध्ये, १८ वाली 'पुरेसं'मध्ये आणि ९ गुणांची आई १७ वालीच्या मांडीला मांडी लावून. ३० गुणांची प्रश्नावली तुम्ही घरोघर बसून भरून घेतलीत आणि विश्लेषणाला बसताना तिचे दोनच तुकडे ठेवलेत. ज्ञान 'अपुरं' की 'पुरेसं' हे ओआरएसच्या विषयातल्या कुणी ठरवलेलं नाही, तुमच्याच ६० जणींच्या मधल्या आकड्यानं ठरवलंय. दुसऱ्या गावात हीच प्रश्नावली नेली तर रेघ दुसरीकडे पडेल.

मूळ गुण शाबूत आहेत तर दोन शिक्षणगटांच्या गुणांची थेट तुलना करा. गुण साधारण नॉर्मल (घंटेच्या आकारात पसरलेले) असतील तर टी टेस्ट, म्हणजे सरासरींची तुलना, नसतील तर मॅन-व्हिटनी, म्हणजे गुणांच्या क्रमावरून तुलना. मंजूर सिनॉप्सिसमध्ये काय स्क्वेअर लिहिलाय म्हणून मॅडम बदलू देणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. मग काय स्क्वेअर राहू द्या आणि हे त्याच्याखाली जोडा.

काय स्क्वेअर ठेवलात तर नुसतं 'एस' लिहून थांबू नका. एसपीएसएसच्या क्रॉसटॅब्जमध्ये 'सेल्स' बटणात रांगेचे टक्के घ्या, 'स्टॅटिस्टिक्स'मध्ये 'रिस्क'वर टिक करा. दहावीपर्यंतच्या गटात ६४.३ टक्के जणींचं ज्ञान अपुरं, पुढच्या गटात ३७.५. ऑड्स रेशो (दोन गटांतल्या 'अपुरं : पुरेसं' प्रमाणांचं गुणोत्तर, १ म्हणजे फरक नाही) ३.०, पण ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरं माप ज्या टप्प्यात असू शकतं तो, १.०५ ते ८.६०. पहिलं टोक जवळजवळ 'फरक नाही' म्हणतंय, दुसरं आठपटीच्या पुढे गेलंय. ०.०३८ आणि ०.०७० यांचं भांडण कशाचं आहे ते इथे कळतं. फरक दिसतोय, ६० जणींवरून त्याचं माप मात्र पक्कं लागत नाही. परीक्षकांसमोर हे वाक्य म्हणता आलं तर ओळ कुठली घेतली यावर कुणी अडवणार नाही.

आणि आठ कसोट्या. खरा संबंध एकातही नसला, तरी ०.०५ च्या पातळीवर निदान एक 'एस' निघण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के असते (आठही एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर). आठात एकच 'एस' असेल तर चर्चेच्या प्रकरणात त्यावर दोन पानं लिहू नका.

जाता जाता: कार्ल पिअर्सननं १९०० मध्ये ही कसोटी मांडली, तेव्हा २×२ ला डीएफ ३ धरायचा असं त्याचं मत होतं. १ हे फिशरनं १९२२ मध्ये दाखवलं, आणि पिअर्सनला ते काही पटलं नाही. तेव्हा गोंधळलात म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

पीव्हॅल्यू_पाटील

मान गए. एक भर घालतो. ज्यांच्याकडे कच्चा डेटा नाही, नुसता तयार तक्ता आहे, त्यांनी एसपीएसएसमध्ये चार ओळी भरून 'वेट केसेस' लावायला विसरू नये. नाहीतर एन (एकूण माणसं) ४ धरला जातो. आणि टक्के भरू नका, मोजलेली संख्याच भरा. टक्के भरलेत की सॉफ्टवेअर ते माणसं म्हणूनच मोजतं. परवाना नसेल तर जामोवी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात येट्सची टिक वेगळी असते म्हणून हा घोळ होत नाही.

सायली_एमएस्सी_नर्सिंग

दोघांचेही आभार. अजून एक. वयाच्या तक्त्यात चार गट आहेत: २० पर्यंत ४ जणी, २१ ते २५ मध्ये २७, २६ ते ३० मध्ये २३, तिशीपुढे ६. खाली लिहून येतंय की ४ सेल्समध्ये (५० टक्के) अपेक्षित संख्या ५ हून कमी. मॅडम म्हणतात, गट जोडून टाक.

आकडेमोड्या

कॉक्रनचा रूढ नियम २० टक्क्यांपर्यंत सूट देतो, तुमचे ५० आहेत. तेव्हा पिअर्सनची ओळ इथे नको. ४ जणी निम्म्यानं वाटल्या की अपेक्षित २, ६ जणी वाटल्या की ३, दुसरं काय होणार?

गट जोडता येतात, पण २० पर्यंतच्या आणि तिशीपुढच्या एकत्र करू नका, शेजारचेच जोडा. आणि 'एस' कुठल्या जोडणीत येतं हे पाहून जोडू नका. गट तसेच ठेवायचे तर फिशर एक्झॅक्ट. एसपीएसएसमध्ये त्यासाठी 'एक्झॅक्ट' बटण लागतं आणि कॉलेजच्या परवान्यात ते मॉड्यूल नसू शकतं. भावाच्या आरमध्ये साध्या फिशरच्या कमांडवर ४×२ तक्ताही होतो.

पण फॉर्मवर वय वर्षांत लिहिलंय की नुसत्या गटावर खूण केलीय?

सायली_एमएस्सी_नर्सिंग

वर्षांत लिहिलंय.

आकडेमोड्या

मग गट हवेत कशाला! वय आणि गुण यांचा स्पिअरमन (क्रमांवरून काढलेला सहसंबंध) काढा. त्याआधी स्कॅटर प्लॉट काढून एकदा डोळ्यांखालून घाला. वयाच्या रकान्यात २५ च्या जागी २५० पडलेलं निघतं कधीकधी.